लहान मुलांना घरच्या घरी किडे-मुंग्यांची ओळख कशी करून द्यावी? कढीपत्त्यावरच्या अळ्या बरणीत मरतात (नाशिक)

पाथर्डीफाटा_बाल्कनी · १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुलगी ७ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पूर्वेची, ऊन सकाळी साधारण ११ पर्यंत. १२ इंची कुंडीत अडीच फुटांचा कढीपत्ता आहे, शिवाय जास्वंद, तुळस, गवती चहा.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. त्यातल्या दोन काचेच्या बरणीत ठेवल्या. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, आणि झाड उघडं पडू नये म्हणून बाजारातल्या जुडीचा कढीपत्ता धुऊन घातला. एक दुसऱ्याच दिवशी मेली. दुसरी पाच-सहा दिवस खात होती, मग काळी पडून लोळागोळा झाली, वासही येत होता. बरणी बेडरूममध्ये होती.

काय चुकलं? अळी नीट वाढवायची तर भांडं केवढं, पानं किती, साफसफाई कधी? दुसरं म्हणजे, फुलपाखराशिवाय वर्षभर घरात दाखवता येईल असं काय आहे? धाकटा दिसेल ती मुंगी अंगठ्याने चिरडतो, मोठीला सगळ्याचीच 'शी' वाटते आणि आजी प्रत्येक किड्याला 'चावेल हं' म्हणतात. खरंच चावणारे कोणते आणि उगाच बदनाम कोणते, हेही हवंय.

---

लिंबाळी · १२ जुलै, रात्री ११:०५

तुमच्या दोन अळ्या दोन वेगळ्या कारणांनी गेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मेली ती औषधाने. बाजारातल्या जुडीवर फवारणी झालेली असू शकते, आणि आंतरप्रवाही कीटकनाशक पानाच्या आत असतं, ते धुऊन जात नाही. अशी अळी हिरवट पाणी ओकते, अंग पिळवटते आणि काही तासांत संपते. दुसरा संशय बेडरूमवर. रात्री डासांचं मशीन किंवा कॉइल लावत असाल तर त्यातलं औषध डासाला मारतं तसंच अळीलाही मारतं. मुंग्यांसाठी ओढायचा खडूही त्याच जातीचा.

काळी पडून लोळागोळा, वर वास: हा रोग. बरणीत घाम धरला, लेंड्या साचल्या, पानं कुजली की होणारच. खिळ्याच्या चार भोकांनी हवा जाते, ओल जात नाही. अळीचा जीव गुदमरून जात नाही, ओलीने जातो. ती बरणी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

तुमच्याकडच्या अळ्या बहुधा लिंबाळी फुलपाखराच्या. लिंबू, बेल, कढीपत्ता ही त्याची झाडं. बहुरूपी नावाचं काळं फुलपाखरूही कढीपत्त्यावरच अंडी घालतं आणि लहानपणी दोघांच्या अळ्या जवळपास सारख्याच दिसतात. फुलपाखरू निघाल्यावर उलगडा होतो: बहुरूपीच्या मागच्या पंखांना शेपटी असते, लिंबाळीला नसते. मुलीला आत्ताच पैज लावायला सांगा.

आता पद्धत. बरणी विसरा, पिशवी वापरा. जुन्या मलमलच्या ओढणीची किंवा मच्छरदाणीच्या कापडाची साधारण १२ बाय १८ इंचांची पिशवी शिवा, दोन्ही बाजूंनी उघडी. कढीपत्त्याची पानांनी भरलेली एक फांदी तिच्यात घाला. फांदीवर मुंग्या किंवा कोळी नाही हे आधी बघा. मग खालचं तोंड फांदीभोवती आणि वरचं नुसतंच नाडीने बांधा. अळी जिवंत झाडावर राहते, पानं सुकत नाहीत, हवा खेळती राहते, बुलबुल आणि शिंपी पक्षी लांब राहतात. एक दिवसाआड वरचं तोंड मोकळं करून पिशवी उलटी केली की लेंड्या पडतात. अडीच फुटांच्या झाडावर ३ अळ्या, फार तर ४. शेवटच्या पाच-सहा दिवसांत अळी अक्षरशः फांदी बोडकी करते, तेव्हा फोडणीचा हिशेब आधीच करून ठेवा.

घरात टेबलावरच हवी असेल तर २-३ लिटरची रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, झाकणाऐवजी मलमल आणि रबर, तळाला कोरडा कागद. डहाळी औषधाच्या छोट्या बाटलीत पाण्यात उभी करा, आणि बाटलीचं तोंड कापसाने गच्च बंद करा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. कागद रोज बदलायचा, डहाळी दोन दिवसांनी. बरणीत पाणी शिंपडू नका, पानातली ओल पुरते.

सुरुवात अंड्यापासून करा, मोठ्या अळीपासून नको. बाहेर वाढलेल्या मोठ्या अळीत बऱ्याचदा परजीवी माशीने किंवा गांधीलमाशीच्या चिमुकल्या भाईबंदाने आधीच अंडी घातलेली असतात. कोष होतो, आणि एके दिवशी त्याला बारीक भोक पडून फुलपाखराऐवजी जिऱ्याच्या दाण्याहून लहान माश्या बाहेर पडतात. माणसाला त्या काही करत नाहीत. सात वर्षांच्या मुलीला हेही दाखवण्यासारखंच आहे, पण पहिल्याच खेपेला हिरमोड नको.

अंडं ओळखायचं कसं? कोवळ्या पालवीवर, पानाच्या वर किंवा खाली, एकेकटं, फिकट पिवळं, मोहरीहून लहान, अगदी गोल. त्याआधी मादी येताना बघा. ती बसत नाही, पंख फडफडवत पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. पायांनी चव घेते ती. पटलं तर शेपटीकडचा भाग वाकवून क्षणभर टेकवते आणि उडते. ऊन पडलेलं असताना, सकाळी ९ ते १२ च्या दरम्यान झाडापासून चार फुटांवर शांत बसलात तर दिसेल.

पुढचं वेळापत्रक जुलै-ऑगस्टच्या हवेतलं: अंडं ३-४ दिवस, अळी सुमारे २ ते ३ आठवडे, कोष ८ ते १२ दिवस. थंडीत हे सगळं रेंगाळतं, कोष महिनाभरही तसाच राहू शकतो, मेला समजून फेकू नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या कोरड्या उन्हात मात्र करू नये. पालवी कमी असते आणि कोष वाळून पंख चुरगळलेले निघतात. जुलै ते ऑक्टोबर हा खरा हंगाम.

अळी बाहेर आली की आधी अंड्याचं कवच खाते. चार वेळा कात टाकेपर्यंत ती शिटेसारखी दिसते आणि चौथी कात टाकली की एकदम हिरवी होते. कात टाकायच्या आधी साधारण दिवसभर ती हलत नाही. तेव्हा ओढू नका. तिने पानावर रेशमाची गादी विणून पाय अडकवलेले असतात, ओढलं तर इजा होते. हलवायचीच असेल तर पानासकट हलवा, किंवा चित्रकलेच्या शून्य नंबरच्या ब्रशवर चढू द्या. ब्रशने डोक्यामागे हलकं टेकवलं तर दुभंगलेलं केशरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास येतो. एका अळीला दिवसातून एकदा, बस. मुलांना तेच पुन्हा पुन्हा हवं असतं.

दोन ठिकाणी सगळे घाबरतात. पहिलं, कोषाआधी अळी एक मोठी पातळ विष्ठा करते, आक्रसते आणि वेड्यासारखी फिरत सुटते. हा रोग नव्हे, जागा शोधणं आहे. पिशवीत एक आडवी-तिरपी काडी ठेवा. डोकं वर ठेवून, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून ती टेकते आणि दिवसभरात कोष होतो, आसपास काय आहे त्यानुसार हिरवा किंवा तपकिरी. दुसरं, कोष पडला तर. जाड कागदाचा शंकू करा, टोक खाली, त्यात कोष शेपटीकडून अलगद उभा ठेवा आणि शंकू भिंतीला चिकटवा. कागद खरखरीत हवा, गुळगुळीत कागदावरून फुलपाखरू घसरतं.

कोष गडद होऊन आतल्या पंखांची नक्षी दिसू लागली की बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी निघतं. पहिल्या १५-२० मिनिटांत पंख फुगतात. तेव्हा त्याला लोंबकळायला खाली किमान ६ सेंटिमीटर मोकळी जागा लागते, हात मुळीच लावायचा नाही. मातकट-लालसर पाणी गळतं, ते रक्त नाही, कोषातला मळ आहे. दोन-तीन तासांनी पिशवी उघडा. धो-धो पाऊस असेल तर एक दिवस थांबवलं तरी उपाशी मरत नाही.

चार वर्षांच्या मुलासाठी एकच काम: रोज अळीशेजारी लोकरीचा धागा धरायचा, तिच्याएवढा कापायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात गोंदाने चिकटवायचा. पहिला तुकडा तांदळाच्या कणीएवढा, शेवटचा करंगळीच्या दीड-दोन पेरांएवढा. मधे दिवसभर धागा वाढत नाही, तो कात टाकायचा दिवस. त्याला आकडे येत नसले तरी हे कळतं.

---

पोटमाळा · १३ जुलै, सकाळी ७:५०

वरचं सगळं बरोबर. फक्त फुलपाखरू हे पावसाळ्याचं काम आहे आणि 'वर्षभर' विचारलंय, म्हणून स्वयंपाकघरात चला.

चवळीतले भुंगेरे. ज्याला आपण 'कडधान्याला टोके पडले' म्हणतो ते. डब्यात भुंगेरे दिसले तर टाकायच्या आधी ६-८ वेगळे काढा. कोरड्या काचेच्या बाटलीत चांगल्या, भोक नसलेल्या चवळीचे किंवा मुगाचे ५० दाणे घाला, भुंगेरे सोडा, तोंडाला दुहेरी मलमल. एकेरी कापडातून ते निसटू शकतात, आणि मग घरातली बाकीची कडधान्यंही त्यांचीच. पाणी नको, खाऊ नको. प्रौढ भुंगेऱ्याला दोन्ही लागत नाहीत. दोन-तीन दिवसांत दाण्यांवर खसखशीहून लहान अंडी चिकटलेली दिसतात. आधी ती पारदर्शक असतात. अळी अंड्यातून थेट दाण्यात घुसते आणि मागे भुसा भरते, तेव्हा अंडं पांढरंशुभ्र होतं. म्हणजे पांढरा ठिपका हा रिकामा दरवाजा! आता १० ठिपकेवाले दाणे वेगळ्या डबीत ठेवा. साधारण तीन आठवड्यांनी दाण्याच्या सालीवर गोल, धुरकट खिडकी दिसते, आणि २५-३० दिवसांनी भुंगेरा ती झाकणासारखी ढकलून बाहेर येतो. डिसेंबर-जानेवारीत दीड-दोन महिने धरा. खेळ संपला की बाटली चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग ओल्या कचऱ्यात.

यात जवळजवळ काहीच बिघडत नाही. बिघडलंच तर एका कारणाने: विकतच्या पॅकेटमधले दाणे औषध-धुरी दिलेले असले तर भुंगेरे मरतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडची चवळी सगळ्यात उत्तम. मुलीची 'शी' घालवायलाही हाच प्राणी बरा. चावत नाही, डंख नाही, केस नाहीत, आणि त्याला स्वयंपाकघरात रागावायचं सोडून भिंगातून बघायचं असतं हीच तिला गंमत वाटेल. भिंग साधं, मोठं, दोन-तीन पट दाखवणारं घ्या. दहापटीचं छोटं भिंग डोळ्याला लावून नेम धरणं चार वर्षांच्या पोराला जमत नाही.

चिरडणाऱ्या धाकट्याला मुंग्यांचा मुकादम करा. चार बाटल्यांची झाकणं: एकात गुळाचं पाणी, एकात मिठाचं, एकात साधं, एकात तेलाचे दोन थेंब. बाल्कनीत मुंग्यांच्या वाटेपासून हातभर अंतरावर. अर्ध्या तासाने कुठे किती मुंग्या, ते खडे ठेवून दाखवायचं. मग खरी मजा. वाटेवर पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा, मुंग्या त्यावरून ये-जा करू लागल्या की २० मिनिटं थांबा आणि कागद काटकोनात फिरवा. मुंग्या जमिनीवरची सरळ वाट सोडून कागदावरच्या जुन्या वाटेने जाऊ लागतात, कडेला येऊन गोंधळतात, मिशा हलवत माघारी फिरतात. वास कागदाबरोबर फिरलेला असतो. काळ्या बारीक मुंग्या घ्या. लाल बारीक मुंग्या आणि मुंगळे नकोत, कडाडून चावतात. त्या दिवशी त्या कोपऱ्यात फिनेलची फरशी पुसू नका, वाटच पुसली जाते.

मुंगीसिंह, म्हणजे मातीत खड्डा करून मुंग्या पकडणारी अळी. याच्यासाठी खाली उतरावं लागेल. पावसाचा थेंब न पोहोचणारी कोरडी, पिठासारखी बारीक माती शोधा: पार्किंगचा कोपरा, जिन्याखाली, देवळाच्या ओट्याच्या वळचणीला, पांडवलेणीच्या पायथ्याशी झाडाखालच्या आडोशाला. उलट्या शंकूसारखे खड्डे दिसतील, दोन ते पाच सेंटिमीटर रुंद. गवताच्या काडीने कडेची माती खड्ड्यात सारली की तळातून धूळ उडते. तोच तो, डोक्याने माती फेकतो. खड्ड्याच्या *खालून* चमचा घालून मातीसकट उचला, बशीवर मोकळी करा आणि थांबा. तो आधी मेल्याचं सोंग घेतो, मग मागे मागे चालू लागतो. कुल्फीच्या भांड्यात किंवा खोल वाटीत ५ सेंटिमीटर चाळलेली कोरडी माती ठेवा, रात्रीतून नवा खड्डा तयार. वाटीत एकच ठेवायचा, दोन ठेवले तर एकमेकांना खातात. दोन-तीन दिवसांतून एक मुंगी पुरते, आठवडाभर काही मिळालं नाही तरी चालतं. दोन आठवड्यांनी जिथून आणला तिथे सोडा. मोठेपणी तो चतुरासारखा दिसतो, फक्त मिशा ठळक आणि टोकाला जाड.

---

गच्ची_पंचवटी · १३ जुलै, दुपारी २:१५

आजींचं 'चावेल हं' अगदीच टाकाऊ नाही, फक्त यादी चुकीची असते. नाशिकच्या हिशेबाने:

विंचू. यात चेष्टा नाही. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर बेततो. नांग्या बारीक, शेपूट जाड. विटा, दगड, पत्रे, कुंडीखालची थाळी, पावसाळ्यात दाराबाहेर काढून ठेवलेले बूट ही त्याची घरं. मुलांसाठी नियम एकच: दगड हाताने उलटायचा नाही. पायात बूट, हातात काठी, दगड *आपल्याकडे* उचलायचा म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून लांब राहते, आणि बघून झालं की दगड पुन्हा तसाच. डंख झाला तर मूल घामाने निथळतंय, उलट्या करतंय, हात-पाय गार पडलेत असं दिसण्याची वाट बघू नका, लगेच दवाखाना. कांदा, मंत्र, घट्ट दोरी यात वेळ जातो.

घोण आणि वाणी. पावसात बाथरूममध्ये येणारा, हात लावला की चकलीसारखा गुंडाळणारा तो वाणी. शरीराच्या बहुतेक वेढ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या. चावत नाही, पण अंगातून पिवळसर रस सोडतो, तो डोळ्यात गेला तर जळजळतं. कागदावर चढवून बघावा, हात धुवावे. घोण चपटी, वळवळत पळते, प्रत्येक वेढ्याला एकच जोडी, आणि ती सणसणीत चावते. मुलांना पाय मोजायला लावायचं तर वाण्याचे.

सुरवंट आणि अळी. आपल्या भाषेत हा फरक आहे तो जपा. गुळगुळीत ती अळी, केसाळ तो सुरवंट. सुरवंटाला हात नाही. सोसायटीत शेवगा असेल तर पावसाळ्यात खोडावर सुरवंटांचे पुंजकेच्या पुंजके बसतात. केस लागले तर चोळू नका, पाणीही आधी नको. चिकटपट्टी हलकी दाबून ओढा, दोन-चार वेळा नवा तुकडा घेऊन. मग साबण-पाणी.

तुमच्या जास्वंदीवर ऑगस्टनंतर काळ्या-केशरी आडव्या पट्ट्यांचा मोठा भुंगेरा येईल. शेतकरी त्याला हिंगे म्हणतात. दिसायला देखणा, फुलं खातो, आणि चिरडला तर त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. म्हणून बघायचा, पकडायचा नाही. रात्री दिव्यावर येणारा मुंगीसारखा लांबट काळा-केशरी किडा, 'ॲसिड फ्लाय', त्याचंही तेच. अंगावर बसला तर चापट मारू नका, फुंकर मारा. पुरळ दुसऱ्या दिवशी उठते, त्यामुळे लोकांना कोळी मुतला असं वाटतं. कोळी बिचारा तेवढ्यासाठी बदनाम आहे. घरातला उड्या मारणारा कोळी तर भिंगाखाली बघण्यासारखा, पुढे दोन टपोरे डोळे, हेडलाइटसारखे.

आग्या मोहोळ असलेल्या इमारतीखाली किंवा पुलाखाली दगड, फटाके, धूर, मोठ्याने आरडाओरडा नको. खिडकीत मातीचं घरटं करणारी कुंभारीण माशी मात्र आपल्या कामाशी काम ठेवणारी. तोंडात चिखलाची गोळी आणते, ते दोन फुटांवरून बिनधास्त बघा.

रुईवरची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळीही मुलांना फार आवडते. पण रुईची पानं मुलांना तोडू देऊ नका, चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

आणि पहिल्या पावसात, मृग लागला की गवतात येणारा लाल मखमली मृगाचा किडा: निरुपद्रवी, तळहातावर घेण्याजोगा. पाय मोजा. आठ! म्हणजे तो 'किडा' नाहीच, कोळ्याच्या गोत्रातला. यंदाचा गेला, पुढच्या वर्षी जूनमध्ये लक्ष ठेवा.

---

गोदाकाठ४२२ · १३ जुलै, सायंकाळी ६:३०

डासाच्या अळ्या कशा विसरलात? काचेच्या ग्लासात पाणी, आठवड्यात वळवळणाऱ्या अळ्या, मग स्वल्पविरामासारखे कोष, मग डास. फुकटात जीवनचक्र.

---

गच्ची_पंचवटी · १३ जुलै, सायंकाळी ७:१०

डेंग्यूच्या हंगामात घरात डास *पाळायला* सांगू नका हो. बाल्कनीच्या थाळीत आधीच अळ्या सापडल्या तर ग्लासभर पाणी घ्या, वर दुहेरी कापड रबराने घट्ट, एक संध्याकाळ बघा. अळी पृष्ठभागाला शेपटीच्या नळीने टेकून डोकं खाली करून लोंबकळते. ग्लासावर हाताची सावली पाडली की सगळ्या बुडी मारतात. झालं बघून. पाणी गटारात नाही, तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओता, आणि थाळी घासा, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीही तग धरतात.

---

द्राक्षबाग_गिरणारे · १३ जुलै, रात्री ९:२०

दोन गोष्टी भर घालतो.

एक, फवारा. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की बागांवर औषधं एकामागून एक चालू होतात. तुमची इमारत बागेला लागून असेल तर वाऱ्याच्या दिशेने तुषार बाल्कनीत येतो. तेव्हा पिशवीतल्या अळ्या फवाऱ्याच्या वेळी घरात घ्या, किंवा त्या दोन-तीन महिन्यांत चवळीवर भागवा. महापालिकेची धुराची गाडी आली तरी तेच. नर्सरीतून नवं रोप आणलं असेल तर त्याची पानं पहिले दीड-दोन महिने अळ्यांना देऊ नका. मातीतून दिलेलं औषध नव्या पालवीतसुद्धा उतरतं.

दुसरं, मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) आला म्हणून लगेच फवारू नका. जास्वंदीच्या शेंड्याला मावा आला की आठ-दहा दिवसांत तो खाणारे ढालकिडे येतात, लाल-काळे, ठिपक्यांचे किंवा नागमोडी रेघांचे. लोकांना ढालकिडा माहीत असतो, त्याची अळी नसते. ती लांबट, काळसर, काटेरी, सुसरीसारखी, आणि कीड समजून पहिली तीच मारली जाते. एक शेंडा खुणेचा दोरा बांधून ठेवा, रोज संध्याकाळी मावा मोजा. मोजता येणार नाही इतका असेल तर नखाएवढ्या जागेतला मोजा. पिठ्या ढेकणावर (झाडावरची कापसासारखी पांढरी कीड) तर गंमतच आहे. त्याला खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळी स्वतःच पांढरी, कापसाळ, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी. फक्त आकाराने मोठी आणि चालायला चपळ. द्राक्षवाले हे किडे विकत आणून सोडतात.

मुंग्या माव्याची राखण करतात, त्याच्या गोड चिकट पाण्यासाठी. खोडाला ग्रीसची पट्टी ओढली तर मुंग्या चढत नाहीत आणि ढालकिड्यांचं काम सोपं होतं. पट्टी थेट सालीवर नको, आधी कागदी टेप गुंडाळा.

---

पाथर्डीफाटा_बाल्कनी · १५ जुलै, सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. डासांचं मशीन रोज रात्री चालूच होतं, बरणी त्याच्यापासून दोन फुटांवर. पिशवी शिवली. चवळीची बाटली लावली.

दोन शंका. मुलगी विचारते की कीटकाला सहा पाय, मग अळीला जास्त कसे? आणि आज पालवीच्या खालच्या बाजूला फिकट पिवळा, मोहरीहून लहान मणी दिसतोय. एक कोवळ्या पानावर, एक दुसऱ्या फांदीवर जुन्या पानावर, तो थोडा राखाडी-काळा. दोन्ही अंडीच का? पिशवी आत्ताच घालू?

---

लिंबाळी · १५ जुलै, दुपारी १२:०५

अळीचे खरे पाय सहाच, डोक्याजवळ, टोकदार, तीन जोड्या. मागचे पाच जोड बुटके मांसल पाय नुसते धरण्यासाठी, त्यांच्या तळाला बारीक आकडे असतात. काचेवर चालवा आणि खालून भिंग धरा, फरक लगेच दिसेल. फुलपाखरात फक्त पुढचे सहा उरतात. आता तिने रुईवरचं केशरी फुलपाखरू बघून 'चारच पाय' म्हटलं तर तिला चूक म्हणू नका. त्याची पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते.

दोन्ही अंडीच. पिवळं ताजं आहे. त्या फांदीला पिशवी आजच घाला, कारण परजीवी माशी अंड्यावरही येते आणि ती मोहरीच्या दाण्याहून बारीक असते. कापड मच्छरदाणीचं असेल तर ती भोकातून आत जाईल, म्हणून अंडं फुटेपर्यंत मलमलच ठेवा.

राखाडी-काळं आहे त्यावर पिशवी नको. ते पान खुडून, देठाला ओला कापूस गुंडाळून, पारदर्शक झाकणाच्या पांढऱ्या डबीत ठेवा. फुटायच्या आदल्या दिवशीही अंडं गडद होतं, तेव्हा उद्या-परवा डबीत कणीएवढी अळी आणि कुरतडलेलं कवच दिसलं तर तिला ब्रशने पिशवीत हलवा. चार-पाच दिवस तसंच काळं कुळकुळीत राहिलं तर आत माशीचं पिल्लू आहे. डबी उघडू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला भिंगाने बघा.